कान्हा कोळ्याची मडम

एकोणीसशे सत्तावीस साली, दिवाळी उलटल्यावर, कान्हा रेवसच्या धक्क्यावर आगबोटीतून उतरला आणि त्याच्यामागून एक गोरी बाई उतरली. हमालांना वाटलं, बाईसाहेब चुकून इकडे आल्या, यांना अलिबागेला साहेबांच्या बंगल्यावर जायचं असणार. एकजण सलाम ठोकून पुढेही झाला. तेवढ्यात कान्हाने तिची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि म्हणाला, "माझी बायको हाय."

थळच्या वाटेवर खाडीच्या तोंडाशी त्यांचा कोळवाडा होता. ती दोघं तिथे पोचायच्या आत बातमी पोचली होती. कान्हा बऱ्याच वर्षांनी विलायतेहून येतोय आणि त्याने मडम आणलीय. कोणी म्हणे लाटसाहेबाच्या नात्यातली, कोणी म्हणे जमीनदाराची मुलगी. बायका ओल्या हातांनी, तशाच काष्टा खोचलेल्या, वाटेवर येऊन उभ्या राहिल्या.

त्या बाईचं नाव उना. वय बावीस-तेवीस. ती इंग्रजसुद्धा नव्हती. इंग्रजांच्या देशाशेजारी आयर्लंड म्हणून मुलूख आहे, त्याच्या पश्चिमेच्या टोकाला समुद्रात एक खडकाळ बेट आहे, तिथली ती. घरी बोलायची ती भाषाही वेगळी. इंग्रजी ती परक्यासारखीच शिकली होती. परकर सुटायच्या वयात गावातल्या मुलींबरोबर तिला स्कॉटलंडच्या बंदरांवर हेरिंग मासळी चिरायला पाठवलं. पुढे लिव्हरपूलला खलाशांच्या खानावळीत ती फरशा घासायला राहिली. तिथे कान्हा जेवायला यायचा.

कान्हा दिसायला उमदा होता आणि बोलायला त्याहून उमदा. मोडक्या इंग्रजीत त्याने तिला सांगितलं, की समुद्राला लागून आमचं मोठं घर आहे, नारळ-सुपारीची वाडी आहे, बापाच्या चार बोटी आहेत, आणि थंडी कशी ती कोणाला ठाऊक नाही. उनानेही त्याला काही कमी सांगितलं नाही. बापाची शेती, घोडे, गाईंचा गोठा. खरं म्हणजे तिच्या बापाकडे खडकांतली बटाट्याची पट्टी होती आणि शेजाऱ्याकडून मागून आणलेलं गाढव. दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवला आणि तिथल्या कचेरीत जाऊन लग्न केलं. तिने जमवलेलं सगळं घालून तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढलं. ती वर बसून आली आणि तो त्याच आगबोटीच्या पोटात भट्टीला कोळसा घालत आला. निघताना ती बेटावर जाऊन आईला भेटली होती. आईने चर्चच्या दारात उभं राहून अख्ख्या बेटाला सांगितलं, की माझी उना हिंदुस्थानातल्या राजाच्या घरी चाललीय.

घर समुद्राला लागून होतं, एवढं खरं होतं. कुडाच्या भिंती, पेंढ्याचं छप्पर, दारात दोन नारळ.

"बोटी कुठे आहेत?" उनाने विचारलं.

कान्हाने किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या मचव्यांकडे हात केला. मचवे गुणाजी पाटलाचे होते. कान्हाचा बाप जन्मभर त्यांवर जाळी ओढून मेला होता.

कान्हाची आई ठमाबाई हाडाची कडक बाई. तिने सुनेच्या तोंडाकडेसुद्धा नीट पाहिलं नाही. "ट्रंक उघड," म्हणाली. सगळा कोळवाडा दारात जमलेला. ट्रंकेत एक लोकरी घोंगडी निघाली, जाड तळाचे बूट निघाले, जपमाळ निघाली, चिंध्यांची एक गुंडाळी आणि एक आखूड सुरी निघाली.

"सोनं कुठं हाय?" ठमाबाईने विचारलं.

"मागून येणार हाय," कान्हा म्हणाला.

शेजारची भागुबाई पुढे झाली. तिने सुरी उचलून नाकाशी नेली. "मासळीची सुरी हाय गं ही! आन् या चिंध्या बोटांना बांधायच्या. ही मडम कसली? ही तर आपल्यासारखी कोळीण!"

दारात असं हसू फुटलं की कुत्री भुंकायला लागली. उनाला शब्द कळले नाहीत, पण हसणं कळलं. स्कॉटलंडच्या धक्क्यावरही अशाच हसणाऱ्या बायका होत्या. जमीनदाराची मुलगी असती तर कोळवाडा तिला भ्याला असता. मासळी चिरणारीला कोण भिणार? त्या दिवसापासून तिच्याशी कसंही वागायची सर्वांना मुभा झाली.

घरात आणखी एक बाई होती. मागच्या अंगाला चुलीपाशी पाठ फिरवून बसलेली. सगळं गाव दारात आलं तरी ती उठली नव्हती. उनाने कान्हाला विचारलं, "ही तुझी बहीण?"

"हो, बहीण," तो इंग्रजीत म्हणाला.

ती केसर. लहानपणी कान्हाशी तिचं लग्न लागलं होतं, आणि तो बोटीवर गेल्यापासून ती त्याच्या आईचं घर ओढत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण नवऱ्याचा आवाज खोटं बोलताना कसा होतो ते तिला ठाऊक होतं. ती उठली, उनासमोर आली, गळ्यातले काळे मणी पुढे ओढून दाखवले, मग कान्हाकडे बोट केलं, आणि उनाच्या पायाशी थुंकली.

 उनाने ट्रंकेतला एक बूट उचलला आणि कान्हाच्या तोंडावर मारला. त्याचा ओठ फुटला. केसरला त्या बाईबद्दल पुढे कधी माया वाटली नाही, पण त्या एका फटक्याने तिला बरं वाटलं, हे तिने नंतर कबूल केलं.

चार दिवसांत पंच बसले. गुणाजी पाटलाने विचारलं, ही कोणत्या जातीची? गाय खाते का? तिचं पाणी तुम्ही घेता का?  पंचांनी घर वाळीत टाकलं. गोरीला जिथून आणलं तिथे पोचवत नाही, तोवर या घराला विहिरीचं पाणी नाही, मचव्यावर जागा नाही, कोणाच्या लग्नाला बोलावणं नाही.

कान्हाने महिनाभर तग धरला. आई त्याच्याशी भांडे, केसर बोलत नसे, आणि उना रोज एकच विचारी, "खोटं का बोललास?" एक दिवस तो म्हणाला, मुंबईला जाऊन बोट बघतो, पैसे पाठवतो, मग हिला परत पोचवू. रेवसच्या बोटीत चढताना त्याने हात हलवला. पैसे आले नाहीत आणि तोही आला नाही.

आता घरात तीन बायका राहिल्या, एकमेकींना न सोसणाऱ्या.

ठमाबाईने उनाला घराबाहेर काढलं नाही, याचं गावाला आश्चर्य वाटे. पण म्हातारीचा हिशेब साधा होता. "केसरसाठी तो आला न्हाय," ती म्हणे. "आला तर या गोरीसाठीच येईल. ती हितंच ऱ्हायला पायजे." म्हणून उनाला पडवीत जागा मिळाली, जाळ्यांच्या ढिगाशेजारी. तिचं ताट वेगळं, तिचा तांब्या वेगळा. ती चुलीकडे गेली की ठमाबाई हातातलं लाकूड उगारी. तिच्या नावाचीही म्हातारीने थट्टा केली. "उना कसली, उणीच ती. जात उणी, सोनं उणं, अक्कल उणी."

जायचं तर उनाकडे तिकिटाला काही नव्हतं. आणि जायचं कुठे? बेटावर आई अजून राजवाड्याच्या गोष्टी सांगत असणार. पहिल्या वर्षी उनाने घरी कळवलं होतं, की मी सुखात आहे, दारात नारळाची बाग आहे, कामाला माणसं आहेत. एकदा असं कळवल्यावर फाटक्या कपड्यांत परत जाऊन भावाच्या घरी चूल फुंकायची तिची तयारी नव्हती. तिची गादी जाळ्यांवर होती, पण बेटावर ती राणी होती, आणि ते मोडायला ती स्वतःच धजत नव्हती.

खायला तर लागतंच. घराला मचव्यावर जागा नव्हती, तरी ठमाबाई किनाऱ्यावर पडलेली, इतरांनी टाकलेली बारीक मासळी, बोंबील वेचून आणी. उना ती सुरीने साफ करायला लागली. बायका तिच्यावर ओरडत, शिवू नको, बाटवू नको. भाषा ती शिकली ती या ओरडण्यातूनच. म्हणून तिला मराठीत आधी शिव्या आल्या आणि 'पाणी दे' हे नंतर आलं.

दुसऱ्या वर्षी तिची आणि केसरची किनाऱ्यावर मारामारी झाली. बोंबील वाळत घालायच्या दोऱ्यांची घरात एकच जोडी होती. उनाने त्या आधी भरल्या. केसर आली आणि तिने उनाचे बोंबील ओरबाडून वाळूत फेकले. उनाने तिचा अंबाडा धरला. केसर तिच्या हाताला कडकडून चावली. दोघी लोळत लोळत पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या आणि बाप्ये मचव्यांवर उभे राहून पैजा लावायला लागले. शेवटी केसरनेच हात सोडला. तिने त्या बाप्यांकडे पाहिलं.

"काय बगताव?" ती ओरडली. "ज्याला मारायला पायजे तो तिकडं पळून गेला, आन् तमाशा आमचा!"

उनाच्या हातातून रक्त येत होतं. तिला तेवढ्या वाक्यातलं अर्धं कळलं. पण त्यानंतर त्या दोघींनी दोऱ्या वाटून घेतल्या. बोलल्या मात्र नाहीत.

सुकी मासळी गावात कोणी घेत नव्हतं, वाळीतल्या घराची म्हणून. मग उनाने पाटी डोक्यावर घेतली आणि ती चालत रेवसच्या धक्क्यावर जाऊन बसली. धक्क्यावर गावच्या पंचांचं काही चालत नव्हतं. मुंबईची बोट लागली की उतारू आधी थबकत. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली, उन्हाने तांबडीलाल झालेली, डोळे निळे, आणि हाक मारतेय, "बोंबील घ्या, सुके बोंबील!" लोक बघायला थांबत आणि लाजेकाजेस्तव विकत घेत. पाटी रिकामी होई. केसरने हे ऐकलं आणि एक दिवस तीही आपली पाटी घेऊन तिच्यापासून दहा हात लांब जाऊन बसली. लोक गोरीला बघायला थांबत, तेव्हा केसरचाही माल खपे. तिथेच केसरला श्रीवर्धनचा बाबाजी भेटला. मचवा घेऊन मुंबईला जा-ये करणारा, बायको वारलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने केसरला सरळ विचारलं, माझ्याशी पाट लावशील का?

केसर गुणाजी पाटलाकडे गेली. "मला मोकळी करा," म्हणाली. "काडीमोड द्या."

"नवरा जिता हाय," पाटील म्हणाला. "तो येऊन मोडंल तवा."

"आन् न्हाय आला तर?"

"तर तुझं नशीब."

कोळ्यांत बाईने दुसरा पाट लावणं नवीन नव्हतं. पण पाटलाला त्या घराला कसलीच सवलत द्यायची नव्हती. केसरने घरी येऊन दोन पाट्या मासळी चिरली.

एकोणीसशे तीसच्या उन्हाळ्यात मुलखात मिठाची धामधूम चालली होती, साहेबलोक चिडलेले होते. त्याच दिवसांत रेवसच्या बोटीवरून एक गोरं जोडपं अलिबागेला चाललं होतं. त्यातल्या बाईने धक्क्यावर पाटीमागे बसलेल्या उनाला पाहिलं. उना तेव्हा एका हमालाशी भांडत होती, आणि कोळ्यांच्या बोलीत भांडत होती. त्या बाईला भोवळ यायची राहिली. पुढच्या आठवड्यात घोड्यावर बसून एक गोरा अंमलदार कोळवाड्यात आला, बरोबर कचेरीतला एक कारकून आणि दोन शिपाई.

पाटलाच्या ओटीवर खुर्ची मांडली गेली. सगळा गाव जमला. उनाला बोलावणं गेलं, तशी ती हात पुसत आली. मागून ठमाबाई आणि केसर आल्या.

अंमलदाराने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याने उघड्या पायांवरून नजर काढून घेतली.

"तू हे जे चालवलंयस," तो म्हणाला, "त्याने आपल्या सगळ्यांना मान खाली घालावी लागते. गोरी बाई, बाजारात, मासळी विकते! लोक हसतात. आताच्या दिवसांत तर हे चालायचंच नाही."

"स्कॉटलंडमध्ये मी पाच वर्षं मासळी चिरली," उना म्हणाली. "त्यात कुणाची मान खाली गेली नाही. तुम्हीच रोज ती खात होतात."

"तो तुमचा मुलूख होता."

"नव्हता. तिथेही आम्हाला बाहेरच्याच म्हणत."

अंमलदाराला तिचा उच्चारही खटकला. हे त्याच्या तोंडावर दिसलं. त्याने कारकुनाकडून कागद घेतला. सरकारच्या खर्चाने तिला तिच्या गावी पोचवायची व्यवस्था झाली होती. त्यासाठी एकच गोष्ट लागत होती. कान्हाला आधीची बायको आहे, असं त्या बायकोने लिहून द्यायचं. मग उनाचं लग्न लग्नच राहत नव्हतं. नवरा नाही, घर नाही, म्हणजे ती बेवारशी गोरी बाई. आणि तशा बाईला सरकार बोटीत बसवून देऊ शकत होतं, तिची इच्छा असो वा नसो.

"तुझ्या आईला आनंद होईल," तो म्हणाला.

उनाच्या डोळ्यांपुढे चर्चचं दार आलं. आई, तिच्याभोवतीच्या शाली पांघरलेल्या बायका, आणि बोटीतून उतरणारी ती स्वतः, सरकारने भिकाऱ्यासारखी परत पाठवलेली. "माझ्या आईचं नाव घेऊ नका," ती म्हणाली. "मी येत नाही."

"तुला विचारलेलं नाही," अंमलदार म्हणाला.

कारकुनाने सगळं मराठीत सांगितलं. गुणाजी पाटील लगेच हात जोडून पुढे झाला. "न्या साहेब, आजच न्या. गावाची पीडा जाईल."

"न्यायची न्हाय!" ठमाबाई मागून ओरडली. "ती गेली तर माझा पोरगा कशाला परत येईल?"

"आये, गप," पाटील म्हणाला. त्याने केसरकडे बोट केलं. "साहेब, ही पयली बायको. माझ्यासमोर लगीन लागलं. मी जेवलो हाय त्या लग्नात."

कारकुनाने शाईचा डबा उघडला. "बाई, अंगठा द्या."

केसरने दोन्ही हात पदराखाली घेतले. सगळ्यांना वाटलं, ती घाबरली. तिने उनाकडे पाहिलंसुद्धा नाही. "देते," ती म्हणाली. "पर आधी माझी काडीमोड. हितंच, साहेबासमोर. मग अंगठा."

"कान्हा आल्याबिगर न्हाय," पाटील म्हणाला.

"मग अंगठा पन न्हाय."

अंमलदाराने वैतागून विचारलं, ही काय म्हणते? कारकून म्हणाला, हिला नवऱ्यापासून सुटका पाहिजे, गावचा पाटील देत नाही. ऊन चढलं होतं, साहेबाच्या कॉलरीतून घाम निथळत होता, घोडा माशांनी हैराण झाला होता. "मग देऊन टाक म्हणावं," तो ओरडला. "ताबडतोब! यातच दिवस घालवायचाय का मला?"

पाटलाला साहेबाचा शब्द मोडता येईना. त्याने पंचांकडे पाहिलं, पंचांनी जमिनीकडे पाहिलं. केसरने ओटीच्या छपरातून एक काडी उपसली आणि त्याच्या हातात दिली. पाटलाने पंचांसमोर काडी मोडली आणि दात खाऊन म्हणाला, "मोकळी झालीस."

केसरने गळ्यातले काळे मणी तोडले. ते ओटीवर सांडले, तिने वेचले नाहीत.

"आता अंगठा," कारकून म्हणाला.

"कशावर?"

"कान्हाची बायको म्हणून."

"मी कुणाची बायको न्हाय," केसर म्हणाली. "आत्ताच पाटलानं मोडली, तुमी सगळ्यांनी बघितलं. कान्हाची बायको ही उभी हाय. साहेबांच्या कचेरीत लगीन केलंय, साहेबांच्या भाषेत. तिलाच इचारा." आणि ती गर्दीतून वाट काढत निघाली. भागुबाईने तिला अडवायला हात पुढे केला, तो तिने झटकला.

अंमलदार उभा राहिला. त्याने कारकुनाला फैलावर घेतलं, पाटलाला मूर्ख म्हटलं. पाटील म्हणाला, मी साक्ष देतो, ती आधी बायकोच होती. पण कारकुनाने साहेबाच्या कानाशी लागून हळूच काही सांगितलं. पुढे ते गावात फुटलं. तो म्हणाला होता, साहेब, आता हे कोर्टात जाईल. नवऱ्याच्या घरातून गोरी बाई शिपायांनी ओढून नेली, असं मुंबईच्या वर्तमानपत्रांत छापून येईल, आणि मासळी विकणाऱ्या मडमेची गोष्ट धक्क्यावरून सगळ्या हिंदुस्थानात जाईल. साहेबाने त्यावर विचार केला. मग त्याने टोपी घातली.

"पुन्हा त्या धक्क्यावर दिसलीस तर बघ," तो उनाला म्हणाला.

"बघा," उना म्हणाली. "बोंबील ताजे वाळवलेले असतात."

शिपायांपैकी एकजण हसला आणि त्याने खोकल्यासारखं केलं. साहेब घोड्यावर बसून गेला.

उना घरी आली तेव्हा केसर आपली दोन लुगडी बांधत होती. उना दाराशी उभी राहिली. आतापर्यंत तिने केसरला शिव्यांपलीकडे काही म्हटलं नव्हतं.

"माझ्यासाठी केलंस?" तिने विचारलं.

"तुझ्यासाठी?" केसरने गाठ आवळली. "तुला फुकाट बोटीत बसवून देत हुते, तू गेली न्हाईस. वेडी हाईस तू. मी माझ्यासाठी केलं."

"मग अंगठा द्यायचा हुतास. काडीमोड तर मिळालीच हुती."

 "पाटलाला हवं हुतं ना ते," केसर म्हणाली. "आन् त्या साहेबालाबी. दोघांचं एकदम कशाला होऊ देऊ?" तिने बोचकं उचललं. "दोऱ्या तुला. सगळ्या."

बाबाजीचा मचवा खाडीत उभा होता. केसर पाण्यातून चालत गेली आणि वर चढली. ठमाबाईने पाठीमागून तिला तळतळाट दिले, मचवा दिसेनासा होईपर्यंत दिले. उनाने मचव्याकडे पाहिलं नाही. ती दोऱ्या तपासत होती. काही ठिकाणी गाठी सुटल्या होत्या.

गावाने घर वाळीतून काढलं नाही. उलट पाटील साहेबासमोर पडला म्हणून जास्तच जाच सुरू झाला. कोणीतरी उनाच्या दोऱ्या कापल्या. तिने पाटलाच्या मचव्याखालचे ओंडके ओढून काढले आणि मचवा वाळूत कलंडला. त्यावर बरीच ओरड झाली, पण दोऱ्या पुन्हा कोणी कापल्या नाहीत. साहेबाच्या धमकीला न जुमानता ती धक्क्यावर जातच राहिली. दोनदा शिपायांनी तिची पाटी उधळली. तिसऱ्यांदा मुंबईच्या उतारूंनीच शिपायांना घेरलं, तेव्हापासून तेही तोंड फिरवून उभे राहू लागले.

घरात आता दोघीच. ठमाबाईने उनाच्या हातचं कधीच खाल्लं नव्हतं. केसर गेल्यावर ती स्वतः चूल पेटवू लागली, पण तिच्या डोळ्यांत पडदा आला होता. एके दिवशी उकळतं कालवण तिच्या पायावर सांडलं. उनाने पायाला खोबरेल लावलं. म्हातारीने त्यासाठीही तिला शिव्या दिल्या. मग उनाने भात शिजवला, ओल्या बोंबलाचं कालवण केलं आणि ताट तिच्यापुढे ठेवलं.

ठमाबाईने ताट हाताने लोटलं. ते कुत्र्याने खाल्लं. दुसऱ्या दिवशीही कुत्र्याने खाल्लं. उनाने विनवणी केली नाही, ताट ठेवायची आणि आपलं जेवायची. मग एका दुपारी म्हातारीने ताट चाचपलं, एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"चिंच किती घातलीस? ह्ये काय मानसाच्या तोंडात जायाचं हाय?"

"खायाचं तर खा," उना म्हणाली. "न्हायतर कुत्रा बसलाय."

ठमाबाई पुटपुटत, नावं ठेवत, सगळं जेवली.

छत्तीस सालच्या सुमाराला धक्क्यावर एक उरणचा खलाशी उतरला. तो ग्लासगोला जाऊन आला होता. उनाच्या पाटीपाशी थबकून तो म्हणाला, "तुमीच ना कान्हाच्या घरच्या? भेटला हुता तिकडं. दारोदार कापड इकतो. तिथल्या एका बाईकडं ऱ्हातो." तो जरा अडखळला. "लोकांना सांगत असतो, हिंदुस्थानात माझा वाडा हाय, दारात हत्ती हायेत."

"हत्ती?" उना म्हणाली. "मला तर बोटीच सांगितल्या हुत्या."

खलाशाला हसावं की नाही कळेना. उनाला मात्र तिच्या बेटावरची आई आठवली. ती वर्षापूर्वी गेली होती, मुलगी राणी आहे असं समजून. उनाने ते खोटं शेवटपर्यंत तसंच राहू दिलं होतं. कान्हावर चिडायचा हक्क आपल्याला अर्धाच आहे असं तिला वाटलं, आणि त्यामुळे ती जास्तच चिडली. उरलेले बोंबील तिने त्या खलाशाला पुडीत बांधून दिले आणि ती निघाली.

घरी येऊन तिने ठमाबाईला सांगितलं, "कान्हा जिता हाय."

म्हातारी भिंतीला धरून उठली. "कुठं हाय? येनार हाय?"

"न्हाय येनार."

"तुला कोन म्हनलं न्हाय येनार?"

"मी म्हनते. तिकडं दुसरी बाई हाय त्याला."

ठमाबाई मटकन बसली. मग तिने उनाच्या सात पिढ्या काढल्या. तू आलीस म्हणून तो गेला, तू त्याच्या पायात खोडा झालीस, तुझ्यापायी माझी केसर गेली. उनाही गप्प राहिली नाही. तुझ्या लेकाने दोघींना फसवलं, तू त्याला खोटं बोलायलाच शिकवलंस, आणि मला आठ वर्षं आमिषासारखी बांधून ठेवलीस. दोघींचा आवाज भागुबाईच्या घरापर्यंत जात होता. बोलून बोलून म्हातारीला धाप लागली, तेव्हा उनाने तिला पाणी दिलं. तिने ते घेतलं आणि मग रडली. उना तिच्याजवळ गेली नाही. ती पडवीत बसून दोऱ्यांच्या गाठी आवळत राहिली.

सकाळी वारा पडला होता आणि बोंबील चांगले वाळले होते. उनाने पाटी भरली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि ती रेवसला निघाली. ठमाबाई काठी टेकत दारापर्यंत आली. तिला फारसं दिसत नव्हतं, तरी ती मागून ओरडत होती, पाटी सरळ धर, अर्धी मासळी वाटेत सांडशील, धड ओझं नेता येत न्हाय तुला. उनाने मागे न बघता तिला एक शिवी हासडली आणि ती वाटेला लागली.